डाव्या हाताचं माप

बहात्तर तास. बंदुकांच्या दुकानातल्या ग्लेनने तीन बोटं माझ्या नाकासमोर धरली, जसं काही मला मोजता येत नाही.

"थ्री डेज, शॅरी. आज बुधवार, पाच वाजता कागद भरलास. शनिवारी पाच वाजता घेऊन जा. कायदा मी नाही केला."

माझं नाव शरयू. शॅरी हे ग्लेनचं, ऑफिसातल्या लोकांचं आणि शूटिंग क्लबातल्या लोकांचं. पंधरा वर्षं ऐकतेय, आता ओ देते.

खोका काउंटरवरच होता. नंबर ताडून बघायला ग्लेनने झाकण उघडलं, तेलकट कागद बाजूला केला, आणि मी हात कोटाच्या खिशात घातले. "धरून बघ ना," तो म्हणाला. मी नाही म्हटलं. धरलं आणि हाताला बसलं नाही, तर तेवढं कळून घेऊन तीन दिवस काढायचे? त्यापेक्षा न कळलेलं बरं. काळीभोर नळी दिसली आणि अक्रोडाच्या लाकडाची मूठ. मूठ डाव्या हाताची होती. एवढं बघून मी ताडताड बाहेर पडले, आणि गाडीपाशी गेल्यावर कळलं की किल्ली आत काउंटरवरच राहिली.

पिस्तूल टार्गेटवर नेम धरायचं आहे, पॉइंट बावीसचं, बारीक गोळीचं. कुणाला मारायचं नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण शिकागोत डेव्हन रस्त्यावरच्या देशी बाजारात भाजी घेताना भेटणारी प्रत्येक बाई मला तेच विचारते. "अगं बाई, पिस्तूल? नेपरव्हिलला चोर येतात का?" चोर कसले डोंबलाचे! अमरावतीला कॉलेजात मी एनसीसीत होते, रायफल चालवायची. इथे ऑफिसातल्या एका बाईने क्लबात नेलं, आणि आठ वर्षं झाली, दर रविवारी मी तिथे असते. कुणी भिशी लावतं, कुणी भजन. मी नेम लावते.

आणि आठ वर्षं माझं घोडं एकाच जागी अडलं होतं. तीनशेपैकी दोनशे बासष्ट. कधी साठ, कधी चौसष्ट. हिवाळ्याच्या लीगसाठी क्लबाची चौघांची टीम निघते, आणि गेली दोन वर्षं मी पाचवी. पाचव्याचं काम काय, तर चौघांसाठी कॉफी आणायची. यंदाची निवड याच रविवारी, दुपारी दोन वाजता होती.

हे पिस्तूल बनवणारे दोघे भाऊ आहेत, लॉइड आणि अर्नी. विस्कॉन्सिनच्या एका गावात त्यांचं वर्कशॉप आहे. लोखंड लॉइडचं, लाकूड अर्नीचं. वर्षाला पंधरा-वीस पिस्तुलं करतात, त्यापेक्षा एक जास्त नाही. फेब्रुवारीत मी ऑर्डर दिली, तेव्हा लॉइडने पत्रातून एक कोरा कागद पाठवला. ज्या हाताने नेम धरता, तो हात यावर पसरून ठेवा आणि पेन्सिलने भोवती रेघ काढा. मी काढली, पाठवली. आठ दिवसांनी त्याचा फोन.

"हे ड्रॉइंग कुणी काढलं? मिस्टरांनी?"

"मीच काढलं."

"कुठल्या हाताने?"

काय माणूस आहे! उजवा हात कागदावर ठेवलाय, तर पेन्सिल दुसऱ्या कुठल्या हातात असणार? "डाव्या," मी जरा तोडूनच म्हटलं.

"तेच म्हणतो," लॉइड म्हणाला. "तीस वर्षं मी हे कागद बघतोय. सगळ्यांची रेघ थरथरते. अंगठ्याच्या बेचक्यात तर तुटतेच, कारण ती त्यांच्या कच्च्या हाताने काढलेली असते. तुमची कुठे अडखळत नाही. मॅम, तुमचा पक्का हात हा आहे. मग पिस्तूल दुसऱ्या हातात का?"

मग त्याने मला फोन स्पीकरवर टाकून बाजूला ठेवायला लावला. दोन्ही हातांची चौकट करा, त्यातून समोरचं घड्याळ बघा, आता एकेक डोळा मिटा. डावा मिटला की घड्याळ चौकटीबाहेर पळायचं. "डोळाही डावा," तो म्हणाला. "आठ वर्षं मान वाकडी करून मारत असाल. दोनशे बासष्ट येतात हेच नवल."

मी डावरी आहे. म्हणजे होते. चार वर्षांची असल्यापासून आठ वर्षांची होईपर्यंत, जेवायला बसले की आई माझा डावा हात जुन्या लुगड्याच्या चिंधीने कमरेशी बांधायची. पाटी घेतली की पुन्हा चिंधी. देवाला, अन्नाला आणि माणसाला डावा हात द्यायचा नाही, संपलं. आईने मारलं नाही कधी, खोटं कशाला बोलू. नुसतं बांधलं. मग मी उजव्या हाताने जेवायला लागले, लिहायला लागले, पुढे रायफलही उजव्याच खांद्याला लावली. डाव्या हाताला उरलं काय, तर सुईत दोरा ओवणं आणि केर काढणं.

हे सगळं लॉइडला काय सांगणार, कपाळ! "आमच्याकडे तशी पद्धत आहे," एवढं म्हटलं.

तो म्हणाला, "लाकूड बाकावर काढून ठेवलंय. शुक्रवारपर्यंत सांगा, कुठल्या हाताचं कापू."

मी गुरुवारीच फोन करून डाव्या हाताचं सांगितलं. विचार करून नाही, रागाने सांगितलं. कुणावरच्या रागाने, ते त्या दिवशी मलाही सांगता आलं नसतं. मग डाव्या हाताचा कागद पाठवला. ती रेघ उजव्या हाताने काढलेली, म्हणजे कोंबडीने पाय फिरवल्यासारखी. पुन्हा फोन, या वेळी अर्नीचा. मनगटापाशी हा उंचवटा कसला? बांगडी, म्हटलं. रोज घालता? रोज. बरं, म्हणाला आणि ठेवला.

क्लबाचा कप्तान हँक म्हणाला, त्रेचाळिसाव्या वर्षी कुणी हात बदलतं का? एकनाथ, म्हणजे माझे यजमान, शांत माणूस, सिव्हिल इंजिनिअर, रोज सकाळच्या गाडीने शिकागोला जाऊन पुलांचे नकाशे काढतात. ते म्हणाले, "हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागतेस." मी दोघांचंही ऐकलं नाही. मार्चपासून उजव्या हाताने एक गोळी मारली नाही. क्लबाचं पिस्तूल डाव्या हातात धरावं, तर त्याची मूठ उजव्याची, ते नुसतं टोचायचं. म्हणून घरी दुधाचा प्लास्टिकचा कॅन डाव्या हातात धरून, हात ताठ समोर करून, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभी राहायचे. आधी एक मिनिट, मग दोन, मग चार.

जुलैत आई आली, सहा महिन्यांसाठी. अमरावतीहून मुंबई, मुंबईहून इथे, एकाहत्तराव्या वर्षी एकटी. तिने मला कॅन धरून उभी असलेली बघितलं. मग जेवायला बसताना मी चमचा ताटाच्या डावीकडे ठेवला, की येता-जाता तो उजवीकडे सरकलेला असायचा. माझं डोकं फिरायचं. मी पुन्हा डावीकडे ठेवायची, ती पुन्हा सरकवायची. तीन महिने आमचं हे भांडण तोंडातून आवाज न काढता चाललं होतं.

तर बुधवार झाला. गुरुवारी ऑफिसात मी एकच गेज चार वेळा मोजलं. मोजमापं तपासणं हीच माझी नोकरी आहे, आणि चारही वेळा आकडा वेगळा आला. घरी आमटीत दोनदा मीठ पडलं. एकनाथ बिचारे पाणी पीत पीत जेवले आणि म्हणाले, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." मी म्हटलं, गप्प बसा. शुक्रवारी गॅरेज झाडलं, मग परत झाडलं. तळघरातले हिवाळ्याचे बूट काढून पुसले. पायाला भिंगरी लागली होती नुसती. मनात एकच. नाही बसलं हाताला तर? उजवा हात मी आपण होऊन सोडला, सात महिने झाले, तोही आता गेल्यातच जमा. डावा नाही चालला तर मी कुठल्या हाताची? रविवारी परत कॉफी आणायची?

आई स्वयंपाकघरात बसून माझ्याकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "अगं बस की जरा. लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा इतकी फिरली नव्हतीस."

"तेव्हा नवरा बघितलेला होता," मी म्हटलं.

शनिवारी पाचची वेळ, मी साडेतीनला पोचले. ग्लेनने घड्याळाकडे बोट दाखवलं. पाच म्हणजे पाच. दीड तास मी गाडीत बसले, रेडिओ लावला, बंद केला, पर्समधल्या जुन्या पावत्या वाचल्या. पाचच्या ठोक्याला दार ढकललं. ग्लेन हसला आणि त्याने खोका पुढे केला.

डाव्या हाताने उचललं.

काय सांगू तुम्हाला! बोटं आपापल्या जागी गेली. मला काही करावंच लागलं नाही. करंगळीलासुद्धा स्वतःची जागा होती. अंगठ्याखाली लाकूड जरा भरीव ठेवलं होतं, तिथे माझा हात सखल आहे. हे मला ठाऊक नव्हतं, अर्नीला होतं. या देशात मला मापाचं काही मिळालेलं नाही. कोटाच्या बाह्या दुमडते, ऑफिसच्या खुर्चीत पाय अधांतरी राहतात, हातमोजे लहान मुलांच्या विभागातून आणते. आणि हे पिस्तूल, कधी न बघितलेल्या दोन माणसांनी एका वेड्यावाकड्या रेघेवरून केलेलं, हातात असं आलं की कुणीतरी ओळखीच्या माणसाने हात धरावा. समोरच्या भिंतीवर नेम धरला. मान सरळ. पुढची आणि मागची, नेमाच्या दोन्ही साइट एका रेषेत येऊन थांबल्या आणि तिथेच राहिल्या.

मग मनगटाकडे लक्ष गेलं. मुठीच्या खालच्या कडेला एक बारीक खाच होती, गुळगुळीत घासलेली. माझी बांगडी बरोब्बर त्या खाचेत बसली होती.

मी दुकानात रडले. चांगली हुंदके देऊन रडले. ग्लेन वळून मासे धरायचे गळ उगाच इकडचे तिकडे लावत बसला. खोक्यात एक टार्गेटचा कागद होता, त्यावर पाच गोळ्यांचं मिळून एकच भोक, आणि मागे पेन्सिलीने लिहिलेलं: हे पिस्तूल नीट आहे. तुमचा हातही नीट आहे. ओल लागू देऊ नका. खाली दोघांच्या सह्या.

घरी आले ती नाचतच. एकनाथांना दाखवलं, शँपेन गावच्या कॉलेजात होस्टेलवर असलेल्या लेकीला, दीपाला, फोन करून सांगितलं. आईने लांबूनच बघितलं.

"डाव्या हाताचंसुद्धा करतात?" ती म्हणाली.

"करतात."

"उद्या खंडेनवमी आहे. पाटावर ठेव. हळदकुंकू लावू."

"नको," मी म्हटलं. "ओलं लागलं की गंज चढतो."

"पूजेने गंज चढतो?"

"चढतो! लोखंडाला काय कळतंय पूजेचं? उद्या दोन वाजता मला ते लागणार आहे."

"शरू, डाव्या हाताने धरायचं तर धर, मी काही म्हटलं का? पण पूजेवाचून शस्त्र बाहेर न्यायचं नाही. आपल्याकडे..."

आपल्याकडे हा शब्द ऐकला आणि माझा तोल गेला. "या हाताला तू कधी देवाच्या पुढे येऊ दिलं नाहीस, आणि आता त्याच्या पिस्तुलाची पूजा करतेस? चिंधी आण ना! बांध परत!"

एकनाथांनी पेपर खाली ठेवला. आईने पदर सावरला आणि आपल्या खोलीत गेली. जेवायला आली, पण चमच्याकडे बघितलं नाही. तो ठेवला तिथेच डावीकडे पडून होता. जिंकल्याचं समाधान वाटायला हवं होतं ना? काडीचं वाटलं नाही.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरात आले, तर आईने पूजा मांडलेली. पाट नाही, म्हणून भाजी कापायची लाकडी फळी. तिच्यावर एकनाथांचा कॅल्क्युलेटर, माझं मायक्रोमीटर, कात्री, विळी, गाडीच्या किल्ल्या. बाजूला भिंतीला टेकवून बर्फ काढायचं फावडं. अंगणातल्या कुंडीतला झेंडू प्रत्येकावर एकेक. मी पिस्तुलाचा खोका आणला आणि बंदच फळीच्या शेजारी ठेवला. इतपत मी माघार घेतली होती.

"उघड," आई म्हणाली.

उघडला. माझा जीव टांगणीला. आईने सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, फावड्यालासुद्धा. मग खोक्यापाशी आली. कुंकवाचं ओलं बोट पिस्तुलाच्या वर थांबलं.

"याला ओलं चालत नाही ना?"

"नाही."

"बरं." तिने बोट मागे घेतलं. "मग हात पुढे कर. हातालाच लावते."

मी हात पुढे केला.

आईने लावलं नाही. नुसती बघत राहिली. मला कळेना काय झालं. मग मीही खाली बघितलं. उजवा. जित्याची खोड, दुसरं काय! सात महिने दुधाचे कॅन धरून उभी राहिलेली मी, पण आईने हात मागितला तर पुढे आला उजवाच.

"हा नव्हे," आई म्हणाली. "दुसरा दे."

मला तो उचलता येईना. खरंच सांगते, चार मिनिटं कॅन पेलणारा हात माझ्याच्याने वर होईना. आईने आपणच वाकून तो धरला, वर घेतला आणि मागच्या बाजूला, अंगठ्याच्या बेचक्यात, कुंकू लावलं. वर अक्षता टाकल्या. देवापुढे करतात तसा हात जोडून नमस्कार केला, माझ्या हाताला. एकनाथ दारात उभे होते, ते चष्मा पुसायला लागले.

"जा आता," ती म्हणाली. "धीर धर. घाई तुझी लहानपणापासूनची."

क्लबात पहिल्या दोन गोळ्या दहाऐवजी सातच्या वर्तुळात गेल्या. मी पिस्तूल टेबलावर ठेवलं, श्वास घेतला. बेचक्यातलं कुंकू घामाने जरा पसरलं होतं आणि मुठीच्या लाकडाला लागलं होतं. रुमाल काढला, परत ठेवला. लाकूडच आहे, राहू दे. त्यानंतर मान सरळ ठेवून एकेक मारत गेले. शेवटी हँकने आकडे दोनदा बघितले. दोनशे एकाहत्तर. मी चौथी.

"कॉफी मी आणतो, शॅरी," हँक म्हणाला.

घरी आल्यावर आईला सांगितलं. तिने साखर हातावर ठेवली, डाव्याच. जेवणं झाली. मी भांडी धूत होते, आई शेजारी उभी राहून ताटं पुसत होती. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली,

"चिंधी फार घट्ट बसायची का गं?"

नाही म्हणता आलं असतं. जानेवारीत ती परत जाणार, परत कधी येईल, येईल का, कुणी सांगावं? पण तिने विचारलं होतं.

"हो," मी म्हटलं. "बसायची."

आईने हातातलं ताट खाली ठेवलं.

"मला वाटायचंच," ती म्हणाली. मग माझा डावा हात नळाखालून काढून घेतला आणि पदराने पुसायला लागली. एकेक बोट, चांगलं कोरडं होईपर्यंत.